वरच्या वर्गात जाण्यापूर्वी

वार्षिक परीक्षेच्या निकालाचा दिवस जवळ आला, की शाळेच्या आवारात एकच प्रश्न कानी पडू लागतो : ‘‘वर चढलास का?’’ वर चढणे हा पराक्रम आणि खाली राहणे ही नामुष्की, असे आपण लहानपणापासून धरून चालतो. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार करण्यास आम्हांस एका अगदी निराळ्या क्षेत्राने प्रवृत्त केले. ते क्षेत्र म्हणजे अमेरिकेतील मोटारींच्या ‘ड्रॅग’ शर्यती होत. तेथेही वर्ग आहेत आणि वरच्या वर्गात जाण्याची उत्कंठाही आहे. परंतु अपुऱ्या तयारीने वर चढणाऱ्यास तेथे गुण गमावून भागत नाही, कधी कधी प्राणच गमवावे लागतात.

ज्या वाचकांस या शर्यतींचा परिचय नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगणे अवश्य आहे. दोन मोटारी सरळ मार्गावर शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिव्याची खूण होताच सुटतात, आणि पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, अंतर तोडतात. वळण नाही, फेरा नाही. काही सेकंदांत सर्व निकाल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील तरुण असल्या शर्यती भर रस्त्यात लावीत. त्या रस्त्यावरून उठवून नियमांच्या चौकटीत आणाव्यात, या हेतूने वॉली पार्क्स यांनी १९५१ साली ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था स्थापिली. तिची पहिली राष्ट्रीय शर्यत १९५५ साली कॅन्सस संस्थानातील ग्रेट बेंड या गावी झाली.

या संस्थेने वेगाप्रमाणे वर्ग पाडले आहेत. हौशी स्पर्धकांचे तीन वर्ग उदाहरणार्थ घेऊ. ‘सुपर स्ट्रीट’ वर्गात पाव मैलास १०.९० सेकंद, ‘सुपर गॅस’मध्ये ९.९०, व ‘सुपर कॉम्प’मध्ये ८.९० सेकंद अशी मर्यादा ठरविलेली आहे. गंमत अशी की, या मर्यादेहून कमी वेळात अंतर तोडणारा सामान्यतः हरतो! मर्यादेच्या अगदी जवळ यावे, पण ती ओलांडू नये, हीच तेथील कसोटी. या सर्वांच्या माथ्यावर ‘टॉप फ्युएल’ हा वर्ग आहे. त्यातील यंत्रे नायट्रोमिथेन नावाच्या इंधनावर चालतात आणि चार सेकंदांच्या आत ताशी ३३० मैलांच्या वर वेग गाठतात.

आता, १०.९० वरून ९.९० वर येणे म्हणजे अवघा एक सेकंद कमी करणे. त्यात विशेष ते काय, असे कोणासही वाटेल. परंतु गणिताचा नियम निष्ठुर आहे. मोटारीचे वजन तेच ठेवले, तर वेळ जितक्या पटीने घटवावयाचा त्याच्या सुमारे घनाइतकी शक्ती वाढवावी लागते. या हिशेबाने त्या एका सेकंदासाठी एंजिनाची शक्ती जवळजवळ एकतृतीयांशाने वाढविली पाहिजे. आणि तेथून पुढचा एक सेकंद तर याहूनही महाग पडतो. शिवाय वेग मिळविला म्हणजे तो आवरणेही आलेच. वेग दीडपट झाला, तर थांबताना जिरवावयाची ऊर्जा सव्वादोनपट होते. धावण्याची शक्ती पैशाने विकत घेता येते. थांबण्याची अक्कल मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.

संस्थेच्या नियमकर्त्यांनी हे ओळखले आहे. सर्वसाधारणपणे दहा सेकंदांच्या आत अंतर तोडणाऱ्यास निराळा परवाना घ्यावा लागतो व त्यासाठी वैद्यकीय तपासणी होते. ताशी १५० मैलांचा वेग गाठणाऱ्या मोटारीस मागे हवाई छत्री बांधावी लागते. वेगवान वर्गांतील उमेदवाराचे डोळे बांधून त्यास आसनावर बसवितात आणि एकेक कळ, एकेक दांडा हाताने चाचपून दाखवावयास सांगतात. कारण धूर व आग यांत डोळ्यांचा उपयोग नसतो. त्यानंतर प्रथम थोडे अंतर, मग अर्धे, मग पूर्ण, अशा क्रमाने परवानाधारक चालकांच्या साक्षीने धावा काढावयाच्या असतात. एकदम पूर्ण धाव कोणासच मिळत नाही. ही पद्धत आम्हांस अत्यंत शहाणपणाची वाटते.

तथापि आमचे मत असे आहे की, परवाना मिळणे निराळे आणि वर चढण्याची योग्यता येणे निराळे. परवान्याने शरीराची व माहितीची परीक्षा होते. सवयीची होत नाही. मग योग्यता कशावरून ओळखावी? आमच्या मते, जो चालक सध्याच्या वर्गातील नेमलेला वेळ एकदा नव्हे तर वारंवार, उन्हात, थंडीत, प्रतिस्पर्धी पुढे असता व मागे असता, ठरवून काढू शकतो, तोच वर जाण्यास लायक. दिव्याचेच पाहा. १९६३ पासून या शर्यती ‘ख्रिसमस ट्री’ नावाच्या दिव्यांच्या खांबावर सुटतात. नवशिक्यांच्या शर्यतींत तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने एकामागून एक लागतात व मग हिरवा लागतो. वर सांगितलेल्या ‘सुपर’ वर्गांत मात्र तिन्ही पिवळे एकदमच लागतात, आणि केवळ ०.४ सेकंदाने हिरवा. ज्याचे मन सावकाश लागणाऱ्या दिव्यांपुढेच गोंधळते, त्याने अधिक शक्तीचे एंजिन आणून काय साधणार?

यावर कोणी म्हणेल, ‘‘असे भीत बसले तर मोठेपण कधीच येणार नाही.’’ हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. योग्यता आल्यावरही खाली रेंगाळणे हा आळसच होय. परंतु ज्यांनी मोठेपण मिळविले त्यांची चरित्रे काय सांगतात? शर्ली मल्डाउनी या बाईंनी १९७३ साली टॉप फ्युएलचा परवाना मिळविला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तत्पूर्वी त्यांनी खालच्या वर्गांत कित्येक वर्षे मोटारी हाकल्या होत्या. पुढे १९७७, १९८० व १९८२ या तीन वर्षी त्या अजिंक्य ठरल्या. १९८४ साली कॅनडात माँट्रियलजवळ झालेल्या अपघातात त्यांचे पाय चिरडले. तरी १९८६ साली त्या पुन्हा मैदानात उतरल्या. हे धैर्य शिडीची एकेक पायरी चढलेल्या माणसाचे आहे.

डॉन गार्लिट्स यांचे उदाहरणही मननीय आहे. १९७० साली कॅलिफोर्नियात त्यांच्या मोटारीतील गिअरची पेटी फुटली आणि उजव्या पावलाचा काही भाग तुटला. तेव्हा एंजिन चालकाच्या पुढे असे. वाढलेल्या शक्तीस ही जुनी मांडणी पुरत नाही, हे जाणून त्यांनी एंजिन मागे बसविलेली मोटार तयार केली व १९७१ साली ती पोमोना येथे जिंकून दाखविली. इतकेच कशाला? २००८ साली स्कॉट कॅलिटा यांचा शर्यतीच्या मैदानावर अंत झाल्यावर संस्थेने सर्वांत वेगवान दोन वर्गांचे अंतर १,३२० फुटांवरून १,००० फुटांवर आणिले. शिखरावर असलेल्यांनाही एक पाऊल मागे घेण्याची लाज वाटली नाही. मग पहिल्या पायरीवरच्या मुलास का वाटावी?

हा विषय दूर देशीचा म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडेही लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. पण मैदानावरील शर्यतींची आम्हांस तितकी चिंता नाही. आम्हांस चिंता आहे ती रस्त्यावरील तरुणांची. लहान मोटारसायकल धड आवरता येत नाही, तोच वडिलांकडे तिप्पट शक्तीचीचा हट्ट सुरू होतो, आणि पुत्रप्रेमाने आंधळे झालेले वडील तो पुरवितात. तेथे ना परवान्याच्या पायऱ्या, ना डोळे बांधून घेतलेली परीक्षा, ना हवाई छत्री. अमेरिकेत १९९२ पासून मुलांसाठी अर्ध्या आकाराच्या मोटारींच्या शर्यती आहेत. त्यांतदेखील वेगाची मर्यादा वयाप्रमाणे घातलेली असते. ज्या खेळाचा आत्माच वेग, त्याने मुलांच्या बाबतीत इतका धीर धरावा आणि आपण घरी बसून तो धरू नये, हे आश्चर्य नव्हे काय?

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, मुलाने अधिक वेगाचे वाहन मागितले, तर ‘‘किंमत किती?’’ हे विचारण्यापूर्वी ‘‘आहे ते आवरता येते का?’’ हे विचारावे. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस इतकेच सांगावयाचे, की वर अवश्य चढा. पण खालचा वर्ग पुरता हाती आल्यावर चढा.