आधी मोबदला, मग बक्षीस!

मोबाइलवरून कुणाला पैसे पाठवले की स्क्रीनवर 'रिवॉर्ड' झळकतो. कार्ड स्क्रॅच करा, आत कूपन! आपण ते कधीच वापरत नाही, तरी क्षणभर भारी वाटतं.

या 'रिवॉर्ड'ला मराठीत किती शब्द आहेत बघा. बक्षीस, इनाम, पारितोषिक, पुरस्कार, मानधन, मोबदला. शब्दकोशात सगळे शेजारी, व्यवहारात मात्र त्यांच्यात मोठं अंतर. बक्षीस फारसीतून आलं, इनाम अरबीतून. दोन्हींत देणाऱ्याची मर्जी चालते. पारितोषिकात 'परितोष' आहे, म्हणजे कुणीतरी खूश झालंय. पुरस्कार म्हणजे पुढे आणणं, मान देणं. हे मिळालं तर आनंद, नाही मिळालं तर भांडता येत नाही. मोबदला वेगळा. मी काम दिलं, तुम्ही पैसे द्या. सरळ अदलाबदल. तो मागता येतो.

शब्दाने काय फरक पडतो? अंगणवाडी सेविकांना विचारा. वर्षानुवर्षं त्यांना मिळतं ते 'मानधन', पगार नाही. पगार नाही म्हणून ग्रॅच्युइटीही नाही, असं सांगितलं जायचं. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की, १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानुसार हे मानधन वेतनच आहे. एका शब्दाआड म्हातारपणाची पुंजी अडकली होती!

आता आपल्या इंटर्नशिपकडे या. सहा महिने फुल टाइम काम आणि जाहिरातीत काय? 'एक्स्पोजर, सर्टिफिकेट आणि चांगल्या परफॉर्मन्सला रिवॉर्ड.' म्हणजे मोबदल्याच्या जागी बक्षीस, तेही साहेब खूश झाले तर. 'शिकायला मिळतंय ना?' हे उत्तर ठरलेलं. कुणी खरंच शेजारी बसून शिकवत असेल तर मान्य. पण आपलं काम कंपनी क्लायंटला विकत असेल, तर ते शिक्षण नाही, नोकरी आहे. शिवाय फुकट राबणं परवडतं कुणाला? ज्याचं घरभाडं घरून येतं त्याला. गावाहून येऊन कॉट बेसिसवर राहणारा पहिल्याच महिन्यात गळतो.

त्यामुळे मित्रांनो, ऑफर लेटर आलं की आधी शब्द वाचा. 'रिवॉर्ड' दिसला तर बिनधास्त विचारा, मोबदला किती? बक्षीस नंतर द्या, आम्ही टाळ्या वाजवून घेऊ.