कुंडी रंगवून झाली, पुढे काय?



जून संपला, वर्ग स्थिरावले की बऱ्याच शाळांत एक उपक्रम ठरलेला असतो. मुलांनी कुंडी आणायची, रंगवायची, त्यात रोप लावायचं आणि कुंडी हातात धरून फोटो काढायचा. पूर्वी त्या कुंडीत तुळस, गुलाब, सदाफुली असायची. हल्ली जाड, गुबगुबीत पानांची छोटी रोपं दिसू लागली आहेत. नर्सरीवाले त्यांना 'सक्युलंट' म्हणतात. पानात किंवा खोडात पाणी साठवून ठेवणाऱ्या या वनस्पती. नाव नवीन असलं तरी त्यातल्या काही आपल्या ओळखीच्याच आहेत. कोरफड सक्युलंट आहे, पानफुटीसुद्धा.

हा उपक्रम मला मनापासून आवडतो. तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर मी तो करते. पण फोटो काढून झाला की उपक्रम संपला असं आपण धरतो, ते मला पटत नाही. एका दिवसात संपणारा उपक्रम हा चित्रकलेचा तास झाला. तोही हवाच, पण त्याला परिसर अभ्यास म्हणू नये. शिकण्यासारखं जे आहे ते रोप लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. आणि माझ्या मते त्यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पाणी घालायच्या आधी थांबून बघणं.

कुंडी कोणाची?

आधी कुंडीबद्दल. "सुंदर कुंडी आणा" अशी सूचना गेली की पालकांची धावपळ होते. कोणी चिनी मातीची महागडी कुंडी आणतं, कोणी रात्री जागून स्वतःच रंगवतं. दुसऱ्या दिवशी टेबलावर कुंड्या मांडल्या की कोणत्या घरात किती पैसे आणि किती वेळ आहे ते वर्गाला दिसतं. ज्याची आई पहाटे कामाला जाते, त्या मुलाची कुंडी मागच्या रांगेत सरकते. त्यात पुन्हा पहिला-दुसरा नंबर काढला तर विचारायलाच नको.

म्हणून कुंड्या शाळेनेच कुंभाराकडून एकत्र आणाव्यात. साधी भाजलेल्या मातीची, चार-पाच इंचांची, तळाला भोक असलेली कुंडी. सगळ्यांना सारखी. रंगवायची वर्गात बसून आणि स्वतःच्या हाताने. शिक्षकांनी रेषा सरळ करून देऊ नये, पालकांनीही नाही.

भाजलेली माती मुळातच गेरूच्या रंगाची असते. वारली चित्रांत गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पांढरी चित्रं काढतात. ही कला डहाणू-जव्हारकडच्या घरांच्या भिंतींवरची. त्या भागातले चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. एवढी ओळख मुलांना करून द्यावी आणि एक पांढरा रंग, एक बारीक ब्रश हातात द्यावा. दोन त्रिकोण जोडले की माणूस उभा राहतो. ज्याला "मला चित्र येत नाही" असं वाटतं, तोही काढतो. खर्चही कमी होतो.

रंगाची एक गोष्ट मात्र विज्ञानाची आहे. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून ओलावा बाहेर उडून जातो. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. सक्युलंटच्या मुळांना अशीच हवेशीर, लवकर सुकणारी जागा लागते. म्हणून कुंडी आतून रंगवायची नाही आणि बाहेरूनही ऑइल पेंटचा सबंध थर द्यायचा नाही. नक्षी काढायची, मधली माती उघडी ठेवायची. पोस्टर कलर पाण्याने धुऊन जातो, अ‍ॅक्रेलिक टिकतो. रंग नीट वाळला की मगच रोप लावायचं. "कुंडी पूर्ण का रंगवायची नाही?" हा प्रश्न मुलांना विचारून बघा. कोणीतरी माठापर्यंत पोहोचतंच.

रोप विकत आणायलाच हवं का?

नाही. पानफुटीचं एक पान ओलसर वाळूवर ठेवलं की काही दिवसांत त्याच्या कडेच्या खाचांतून मुळं आणि इवली रोपं फुटतात. पानातून रोप येतं हे पुस्तकातल्या चित्रात बघणं आणि रोज सकाळी वर्गात आल्यावर बघणं यात फार फरक आहे. कोरफडीच्या बुडाशी पिल्लं येतात, ती अलगद वेगळी करता येतात. जेडची फांदी लावता येते. फांदी कापल्यावर लगेच मातीत खोचू नये, दोन-तीन दिवस सावलीत ठेवून काप सुकू द्यावा. ओला काप मातीत गेला की कुजण्याची शक्यता वाढते.

गावात कोणाच्या तरी अंगणात ही रोपं असतात. मुलांनी जाऊन "काकू, एक पान द्याल का?" असं विचारायचं. ही मागणी मला नर्सरीतल्या खरेदीपेक्षा मोलाची वाटते. रोपाबरोबर ते कुठून आलं याची गोष्टही वर्गात येते.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. एक, काटेरी आणि चिकाची झाडं. फड्या निवडुंगाचे बारीक काटे बोटात रुततात आणि निघता निघत नाहीत. शेर आणि त्रिधारी निवडुंगाचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर मोठा त्रास होतो. लहान मुलांच्या वर्गात ती नकोतच. दुसरी गोष्ट, सहलीला गेल्यावर गडाच्या कड्यावरून रोप उपटून आणणं. जुन्नर-शिवनेरीच्या परिसरात शिंदळ माकुडी नावाची सक्युलंट कड्यांवर वाढते. ती महाराष्ट्राबाहेर निसर्गात सापडत नाही. असं रोप बघायचं, त्याचं चित्र काढायचं आणि तिथेच ठेवायचं. हेही याच उपक्रमात शिकवता येतं.

माती आणि खडे

आपल्याकडची काळी माती शेतीला उत्तम, पण ती पाणी फार वेळ धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. या रोपांना नुसती काळी माती चालत नाही. निम्मी बागेतली माती आणि निम्मी जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा घ्यावा, त्यात मूठभर कुजलेलं शेणखत मिसळावं. तळाच्या भोकावर खापरीचा एक तुकडा ठेवला की माती वाहून जात नाही.

तळाला खड्यांचा जाड थर द्या म्हणजे पाणी लवकर निघून जाईल, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खड्यांत सहज उतरत नाही, खड्यांच्या वरच्या मातीतच अडून राहतं. म्हणजे ओली माती मुळांच्या आणखी जवळ येते. पाण्याचा निचरा व्हायला मातीच मोकळी हवी आणि कुंडीला भोक हवं.

पाणी न घालण्याची पाळी

आता मुख्य मुद्दा. वर्गात झाड आलं की आपण काय करतो? पाणी घालण्याच्या पाळ्या लावतो. सोमवारी हा गट, मंगळवारी तो गट. मुलं हौसेने घालतात. पाळी नसलेलीही हळूच घालून जातात. सक्युलंटला हे प्रेम सोसत नाही. मुळं कुजतात, पानं पिवळी आणि पारदर्शक होतात, खोड बुडाशी मऊ पडतं. आणि मूल म्हणतं, "बाई, मी तर रोज पाणी घालत होतो."

या वाक्यासाठीच हा उपक्रम करावा असं मला वाटतं. काळजी घेणं म्हणजे सतत काहीतरी करत राहणं, हे मुलं आपल्याकडूनच शिकतात. समोरच्याला आता काय हवंय ते आधी बघायचं असतं, हे सांगून समजत नाही. कुंडी ते शिकवू शकते.

त्यासाठी मी पाणी घालण्याऐवजी तपासण्याच्या पाळ्या लावते. तपासणाऱ्याने तीन गोष्टी करायच्या. पहिली, मातीत बोट किंवा काडी खुपसून बघायचं. काडीला ओली माती चिकटली तर पाणी नाही. दुसरी, पान बघायचं. टणक आहे की सुरकुतलेलं? तिसरी, कुंडीचं वजन करायचं. शाळेत पोषण आहारासाठी वजनकाटा असेल तर तो चालतो. समजा, पाणी घातल्यावर सोमवारी कुंडी १,१४० ग्रॅम भरली आणि शुक्रवारी १,०६० ग्रॅम. मग ८० ग्रॅम कुठे गेले? एक मिलिलिटर पाणी एक ग्रॅम भरतं, म्हणजे साधारण ८० मिलिलिटर पाणी उडून गेलं. वजाबाकी, एककं, बाष्पीभवन, तक्ता आणि आलेख असं सगळं एका कुंडीत येतं. वजन उतरायचं थांबलं, माती पूर्ण कोरडी झाली की भरपूर पाणी घालायचं, खालून निथळू द्यायचं आणि पुन्हा वाट बघायची. पावसाळ्यात ही वाट दोन-तीन आठवड्यांचीही होते.

वहीत "आज पाणी घातलं नाही, कारण..." असं वाक्य मुलं लिहू लागली की समजावं, उपक्रम जमला.

सकाळचं पान, दुपारचं पान

ही झाडं एवढ्या कमी पाण्यावर जगतात कशी? बहुतेक झाडं दिवसा पानांची बारीक छिद्रं उघडून हवा आत घेतात, तेव्हा पाणीही बाहेर जातं. पानफुटीसारखी झाडं ही छिद्रं मुख्यतः रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा, छिद्रं मिटून, उन्हाच्या मदतीने त्यापासून अन्न बनवतात. त्यामुळे पानफुटीचं पान पहाटे आंबट असतं आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा जातो. ही गोष्ट आपल्या भारतातच टिपली गेली. मद्रास इलाख्यात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पान चाखून हा फरक नोंदवला आणि १८१५ मध्ये ते लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं.

मुलांना मात्र पान चाखायला देऊ नका, पानफुटीत विषारी द्रव्यंही असतात. जवळच्या हायस्कूलमधून पीएच पट्ट्या आणा. शाळा भरताना आणि दुपारच्या सुट्टीनंतर पानाच्या रसाने पट्टी ओली करून रंग ताडून बघा.

"कुंड्या कसल्या लावता, झाडं लावा"

असं काही सहकारी म्हणतात. मुद्दा खरा आहे. कुंडीतली पानफुटी वडाची जागा घेणार नाही. मैदानात झाडं लावायलाच हवीत. पण मैदानातलं झाड सगळ्यांचं असतं, त्यामुळे एकेका मुलाचं त्याच्याशी नातं जुळेलच असं नाही. शिवाय आपलं शाळेचं वेळापत्रक बघा. दिवाळीची सुट्टी, मग मे महिना आणि निम्मा जून. एवढा काळ पाण्यावाचून तग धरणारी कुंडीतली झाडं किती? कोरफड धरते. फक्त तिला बंद, अंधाऱ्या वर्गात सोडून जाऊ नये. उजेड कमी पडला की अशी रोपं फिकट पडून लांबट, बारीक वाढतात. सुट्टीत कुंडी मुलाबरोबर घरी जाऊ द्यावी, खिडकीत किंवा पडवीत.

पालकांना दोन विनंत्या

कुंडी घरी आली की ती तुमच्या मुलाची आहे. तिच्यावरची माणसं वाकडी असतील, असू द्या. आणि रोप मान टाकताना दिसलं तर मुलाच्या नकळत बदलून नवीन लावू नका. तुमचा हेतू चांगला असतो, पण मुलाला कारण शोधायची संधी मिळत नाही. "काय झालं असेल?" असं विचारा, त्याला मुळं बघू द्या. बहुतेक वेळा एखादं चांगलं पान शिल्लक असतंच. त्यातून पुन्हा सुरुवात करता येते.

शिक्षकांना एवढंच सांगेन की या उपक्रमाला नंबर देऊ नका. मूल्यमापन करायचंच असेल तर मार्चमध्ये मुलाची नोंदवही बघा. त्याने किती वेळा पाणी घातलं हे मोजू नका. कधी घातलं नाही आणि का घातलं नाही, ते त्याला सांगता येतंय का, तेवढं विचारा.