गेटच्या आत जाणारी पुडी

यंदाच्या अंकाचा मुख्य विषय आहे तोंडाचा आणि गळ्याचा कर्करोग. सणासुदीला हे कशाला, असं काही वाचकांना वाटेल. पण देहूरोडच्या अंकाने हा विषय आणखी किती वर्षं टाळायचा?

आपलं गाव वाढलं ते छावणी, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि डेपो यांच्या आधाराने. दारूगोळ्याच्या आवारात काडेपेटी चालत नाही, त्यामुळे विडी-सिगारेट गेटबाहेर राहते. तंबाखूला मात्र ठिणगी लागत नाही. चुना लावून मळली, गालात धरली, की दोन्ही हात कामाला मोकळे. चाकण-तळवड्याच्या कारखान्यांतही रात्रपाळीची झोप आणि लांबलेल्या सुट्टीची भूक याच पुडीने मारली जाते. घरी बायकांची मिसरी असते, ती तर कुणी व्यसनात धरतच नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि धूर न काढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे शाळकरी पोरंही सांगतील. नुसती सुपारीही निर्धोक नाही. तिने गालाची आतली बाजू ताठरते, तोंड उघडेनासं होतं आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो.

पोटातली गाठ शोधायला यंत्र लागतं. तोंड बघायला आरसा आणि बॅटरी पुरते. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेतली गाठ, बसलेला आवाज, गिळताना होणारा त्रास, उभी तीन बोटं आत न जाणं, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टर गाठावा. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून ‘दाढ लागली असेल’ यावर महिने निघून जातात. राज्याचं गृहखातं सांभाळलेले आर. आर. (आबा) पाटील २०१५ च्या फेब्रुवारीत याच आजाराने गेले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं.

उशिराची किंमत किती, हे त्याच वर्षी परळच्या टाटा रुग्णालयाने आकड्यांत मांडलं. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या ५०० रुग्णांचा तो अभ्यास. पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या लसीका ग्रंथीही काढल्या, त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. मानेत आजार दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं.

शस्त्रक्रियेनंतर अनेकांना रेडिएशन लागतं: सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. त्याआधी दात तपासून घ्यावे लागतात. लाळ आटते, जबडा आखडतो, गिळणं-बोलणं पुन्हा शिकावं लागतं. अशा घरात चकली-चिवड्याचा आग्रह नको. रव्याचा लाडू दुधात कुस्करून द्यावा. आणि इतके दिवस पगाराचं काय? राज्य कामगार विमा (ईएसआय) योजनेतल्या पात्र कामगाराला कर्करोगासाठी दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के वाढीव आजार-लाभ मिळू शकतो. फुले जनआरोग्य योजनेतही कर्करोगाचे उपचार आहेत. कंत्राटी कामगाराचं नाव ठेकेदाराने विम्यात घातलंय का, हे मात्र आजारी पडण्याआधी बघायला हवं.

या परिसरातल्या कारखान्यांकडे आमचं एकच मागणं आहे. वार्षिक तपासणीत डोळे, कान, छाती बघता, तसं तोंडही बघा. कायम आणि कंत्राटी, दोघांचंही. त्यासाठी माणशी दोन-तीन मिनिटं लागतात. युनियनने हा मुद्दा पुढच्या बोलणीत बोनसच्या खालोखाल ठेवावा.

कथा, कविता आणि व्यंगचित्रं नेहमीसारखी आहेतच. फराळाला बसण्याआधी घरातल्या प्रत्येकाने एकदा आरशात आ करावा. दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

— संपादक