विश्लेषण : इंजिनाचे आयुष्य केसाहून पातळ थरावर?

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे (ई-20) उद्दिष्ट देशाने 2025 मध्ये गाठले. तेव्हापासून ‘जुन्या गाडीचे इंजिन खराब होते का’, हा प्रश्न सगळीकडे विचारला जातो. उसाचा पट्टा असलेले लातूर-नांदेडही त्याला अपवाद नाही. चर्चा फिरते ती मायलेज आणि रबरी पाइपांभोवती. इंजिन ज्यामुळे ‘कामाला येते’, त्या क्रँकच्या बेअरिंगचा विषय क्वचितच निघतो.

हे बेअरिंग असते कसे?

त्यात छर्रे नसतात. क्रँकशाफ्टभोवती दोन अर्धगोल पट्ट्या बसवलेल्या असतात. पाठीला पोलाद आणि त्यावर मिलिमीटरचा काही अंश जाडीचा, तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियम-कथिलाच्या मिश्रधातूचा थर. जास्त ताण सोसणाऱ्या इंजिनांत त्यावर आणखी एक मऊ मुलामा असतो, साधारण 15 ते 25 मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. दुहेरी धातूची अशी बेअरिंग कोल्हापुरातही तयार होतात.

झिजू नये म्हणून मऊ थर?

गंमत इथेच आहे. ताकद पोलादाची, सततचे ठोके सोसणे मधल्या थराचे आणि धूळ गिळणे वरच्या मऊ थराचे काम. तेलातून आलेला बारीक कण या थरात रुतून बसतो, त्यामुळे महागडा क्रँक वाचतो. इंजिन सुरू असताना तेलाची पातळ चादर क्रँकला बेअरिंगवर टेकूच देत नाही. धातूला धातू घासतो तो मुख्यतः स्टार्ट करताना. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांसाठी काही उत्पादक आता पॉलिमरचा लेप देतात, तो यासाठीच.

मग दोष इथेनॉलचा?

काही अंशी असू शकतो. थंड इंजिनावर सतत छोट्या फेऱ्या मारल्यास इंधन आणि पाणी तेलात उतरते, तेल पातळ व आम्लयुक्त होते आणि तांबे-शिशाचे थर खराब होऊ लागतात. पण या भागात मोठा शत्रू धूळच. रस्त्यांची कामे, सोयाबीनच्या मळणीचा हंगाम आणि फाटका एअर फिल्टर. वाळूतील गारेचा कण या थरांपेक्षा कितीतरी कठीण असतो. असे कण वाढले की मऊ थर भरून जातो आणि क्रँकवर रेघा पडतात.

खर्च कशाचा?

बेअरिंगपेक्षा इंजिन उघडण्याचा आणि क्रँक घासण्याचा. घासल्यावर 0.25 मिमी कमी मापाच्या क्रँकला बसणारे बेअरिंग टाकावे लागते. बनावट सुट्या भागात थर नीट आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. पक्के बिल तेवढे हाती राहते.

नांदेडहून लातूरला येताना ऑइलचा लाल दिवा लागला, तर ‘अहमदपूरपर्यंत जाऊ, तिथे दाखवू’ हा विचार सर्वांत महाग पडतो. तेलाचा दाब गेल्यावर हा थर काही मिनिटांतच वितळू शकतो.