समान संधी केंद्र आणि मराठीचे विभाग

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनी उच्च शिक्षणसंस्थांना समान संधी केंद्र स्थापण्यास सांगितले. अशा केंद्राकडे आपण बहुधा शिष्यवृत्तीच्या अर्जांची खिडकी म्हणूनच पाहतो. ती खिडकी हवीच. रक्कम रखडली की शिक्षण सुटते. परंतु गोरमाटी, पावरी, गोंडी वा दखनी बोलणाऱ्या घरातून आलेला विद्यार्थी वर्गात गप्प का बसतो, या प्रश्नाला अर्जात रकाना नाही. त्याची भाषा 'अशुद्ध' ठरविण्याचा अधिकार तर मराठीच्या अध्यापकाकडेच असतो!

या संदर्भात मिलिंद महाविद्यालयाचे स्मरण होते. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९५० साली तत्कालीन औरंगाबादेत सुरू केले. तेथील अध्यापक-लेखकांच्या वर्तुळातून १९६७ मध्ये 'अस्मिता', म्हणजे पुढचे 'अस्मितादर्श', निघाले आणि मराठी वाङ्मयाची व्याप्तीच पालटली. ज्यांना साहाय्य दिले, त्यांच्याकडून लेखनाचीही अपेक्षा तेथे ठेवली गेली, हे विशेष.

म्हणून केंद्राचा लेखनसाहाय्याचा तास विभागाच्या ग्रंथालयातच व्हावा, आणि उत्तरपत्रिकेतील बोलीरूपांना गुण कापावेत की नाहीत, हे अभ्यासमंडळाने एकदाचे लेखी ठरवावे.