मोटार दारात, कुलूप कंपनीच्या हातात

दौंड, पाटस, कुरकुंभ या पट्ट्यात विजेवर चालणारी मोटार आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. ती घेणारा वर्गही उघड आहे. औद्योगिक वसाहतीतील अधिकारी, उसाचा मोठा बागायतदार, डॉक्टर, वकील, आणि क्वचित भविष्यनिर्वाह निधीतून हौस पुरवणारा एखादा निवृत्त रेल्वे कर्मचारी. या मालकांच्या तक्रारी चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्याही कानांवर पडतात. परंतु ‘श्रीमंतांची दुखणी श्रीमंतांनी पाहावीत’ असे म्हणून विषय तेथेच संपवला जातो. ही भूमिका बाणेदार दिसते, पण ती चुकीची आहे. ज्या दुखण्याची आज मोटारमालकांत चर्चा आहे, ते उद्या रिक्षावाल्याच्या, ट्रॅक्टरवाल्याच्या आणि गॅरेजमधल्या मिस्त्रीच्या घरी येणार आहे. काही अंशी ते आलेही आहे.

तक्रारींचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. रात्री दारात उभी केलेली गाडी सकाळी वेगळी वागू लागते. विजेच्या मोटारीत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर उलटे काम करून बॅटरी भरते आणि चाकांना ब्रेकसारखा अटकाव करते. चालकाच्या पायाला त्या अटकावाची सवय झालेली असते. नवे सॉफ्टवेअर आले की त्याचे प्रमाण बदलते, आणि हे कळते ते पहिल्या गतिरोधकापाशी. कधी समोरचा पडदा काळा पडतो. कधी पूर्ण भरलेल्या बॅटरीवर काल दिसणारे किलोमीटर आज कमी दिसतात. सर्व्हिस सेंटरला विचारावे तर उत्तर ठरलेले असते: पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती होईल. काय बिघडले, का बिघडले, आधी काय बदलले होते, याचा एका ओळीचाही कागद मालकाच्या हाती पडत नाही.

‘एडास’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या चालक-साहाय्य यंत्रणेची कथा याहून गंभीर आहे. कॅमेरा व रडार यांच्या आधारे ही यंत्रणा पुढच्या वाहनापासूनचे अंतर राखते, रस्त्यावरच्या पट्ट्या पाहून सुकाणू सावरते आणि धोका दिसल्यास स्वतः ब्रेक लावते. जेथे पट्टे रंगवलेले आहेत आणि वाहने आपापल्या मार्गिकेत चालतात, अशा रस्त्यांचे गृहीत धरून तिची मूळ कल्पना मांडली गेली. गाळप हंगामात पुणे-सोलापूर महामार्गावर पाटसच्या पुढे अंधार पडल्यावर काय दिसते, हे येथल्या माणसाला सांगावयास नको. मागचा दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर झुकलेला ऊस, उलट्या दिशेने येणारी दुचाकी, मध्येच दुभाजक ओलांडणारे जनावर. अशा ठिकाणी गाडी बाजूने घुसलेल्या दुचाकीला पाहून अकारण करकचून थांबते आणि मागून येणारा ट्रक मात्र थांबत नाही. मालक यंत्रणा बंद करतात. काही गाड्यांत पुढच्या वेळी इंजिन चालू करावे तशी गाडी सुरू करताच ती पुन्हा आपोआप जागी होते. (विजेच्या गाडीला इंजिन नसते, पण भाषेची सवय लवकर जात नाही.)

या तंत्राला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात बांधली गेलेली टाटांची नेक्सॉन ही विजेची मोटार २०२० च्या जानेवारीत बाजारात आली. तिच्या ‘मॅक्स’ या पुढच्या प्रकाराची अधिकृत पल्ल्याची मोजणी २०२३ मध्ये ४५३ किलोमीटरपर्यंत वाढली. ही वाढ सॉफ्टवेअरमधील सुधारणेने झाली, आणि जुन्या मालकांनाही ती फेब्रुवारीपासून विक्रेत्यांकडे करून मिळू लागली. बॅटरी तीच, मोटार तीच, पल्ला अधिक. हे सोयीचेच झाले. परंतु ज्या हाताने पल्ला वाढवता येतो, त्याच हाताने तो कमीही करता येतो, आणि तो हात मालकाचा नव्हे.

असे घडलेही आहे. टेस्ला या अमेरिकन कंपनीने २०१९ च्या मे महिन्यात आपल्या जुन्या ‘मॉडेल एस’ गाड्यांना एक अपडेट पाठवले. त्यानंतर अनेकांच्या बॅटरीची क्षमता घटली. मालक न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये कंपनीने १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. १,७४३ गाड्यांचे मालक त्यात होते. प्रत्येकाच्या वाट्याला ६२५ डॉलर आले. त्याआधी २०१७ च्या सप्टेंबरात फ्लोरिडावर ‘इर्मा’ हे चक्रीवादळ चालून आले, तेव्हा याच कंपनीने पळून जाणाऱ्या काही मालकांच्या गाड्यांचा पल्ला दुरूनच तात्पुरता वाढवून दिला. वर्तमानपत्रांनी कंपनीच्या औदार्याचे कौतुक केले. वस्तुतः कौतुकाआधी एक साधा प्रश्न विचारावयास हवा होता: हा पल्ला आला कोठून? तो गाडीतच होता. बॅटरी मोठी बसवलेली, तिचे वजन मालक रोज वाहून नेत होता, पण स्वस्त प्रकार घेतला म्हणून तिचा एक भाग सॉफ्टवेअरने कुलूपबंद ठेवलेला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थांबून विचार करावा लागतो. वस्तूची किंमत तिच्या उत्पादनखर्चाशी निगडित असते, स्पर्धेमुळे ती खर्चाजवळ येते, असे पाठ्यपुस्तक सांगते. येथे कुलूप उघडण्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे. तरीही त्यासाठी पैसे घेतले जातात, कारण किल्ली एकाच्याच हाती आहे. याला किंमत म्हणता येत नाही. याला खंड म्हणतात. जमीन कसणाऱ्याकडून जमीनदार जो घेत असे, तोच. फरक इतकाच की कूळ जमिनीचे पैसे मोजून बसलेले नसे. येथे मालकाने गाडीची पूर्ण किंमत मोजलेली आहे आणि तरीही तो कूळ आहे. बीएमडब्ल्यू कंपनीने काही देशांत आसन गरम करण्याच्या सोयीसाठी महिन्याचे भाडे लावून पाहिले. तापवणारी तार आसनात आधीच बसवलेली होती. लोक चिडले, तेव्हा २०२३ मध्ये कंपनीने माघार घेतली. टेस्लाने २०२५ च्या जुलैमध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दुकान उघडले, त्या वेळच्या किंमतपत्रकात ‘पूर्ण स्वयंचलन’ या नावाची सोय ६ लाख रुपयांना होती. आणि तरीही चालकाने सतत लक्ष ठेवले पाहिजे, अशी सूचना सोबत होतीच.

ही सूचनाच या साऱ्या व्यवहाराचे मर्म आहे. जाहिरातीत गाडी स्वतः चालते. अपघात झाला की ती चालकाने चालवलेली असते. भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्या माणसाला शिक्षा सांगते. गाडीतल्या आज्ञावलीला कोठडीत घालता येत नाही. अमेरिकेत टेस्लाने २०२३ च्या डिसेंबरात वीस लाखांहून अधिक गाड्या या यंत्रणेतील त्रुटीसाठी ‘परत बोलावल्या’, म्हणजे घरबसल्या अपडेट पाठवले; चार महिन्यांनी तेथील सरकारी खात्याने हा उपाय पुरेसा होता काय याची चौकशी सुरू केली. २०१९ च्या एका प्राणघातक अपघाताबद्दल फ्लोरिडातील ज्यूरीने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कंपनीवर एक तृतीयांश जबाबदारी ठेवून २४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देण्यास सांगितले. आपल्याकडे अपघातानंतर गाडीतली नोंद कोणाच्या हाती असते? २०२२ मध्ये गुवाहाटीत ओलाच्या विजेच्या स्कूटरवरून एक तरुण पडला. गतिरोधकापाशी ब्रेकऐवजी वेग वाढला, असे त्याच्या वडिलांचे म्हणणे होते. कंपनीने त्या प्रवासाचे वेगाचे आकडे जाहीर करून दोष मुलाच्या वेगाचा ठरवला. खरेखोटे काहीही असो. वादी, साक्षीदार आणि पुराव्याचा ताबेदार हे एकच असतील, तर न्यायाला जागा उरते कोठे?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ तर गमतीचे आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने गाडीत करू नये, असे ते बजावते. मालकाला जे मना आहे, त्याच्या जवळपास जाणारे काम कंपनी त्याच्या दारातल्या गाडीत रात्री करून जाते, आणि परिवहन कार्यालयाच्या दप्तरी त्याची नोंद होत नाही.

आता दौंडच्या गॅरेजकडे वळू. हे रेल्वेचे गाव. वाफेची इंजिने उघडून पुन्हा जोडणाऱ्या फिटरांची परंपरा येथे होती, आणि गावातल्या कित्येक मिस्त्रींचे हात त्या वातावरणात तयार झाले. आज विजेची गाडी दारात आली की मिस्त्री चाके, ब्रेकचे पॅड आणि सस्पेन्शन यापलीकडे हात लावू शकत नाही. बिघाड वाचणारे यंत्र आणि त्यावरचे सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत केंद्रात. त्यासाठी पुणे गाठावे लागते. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग व तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना नाकारल्याबद्दल अडीच हजार कोटींहून अधिक रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण अपिलांत गेले, काही कंपन्यांच्या दंडाचा आकडा खाली आला. तो निर्णय पेट्रोलच्या गाड्यांच्या काळातला होता. त्या वेळी निदान पाना घेऊन बॉनेट तरी उघडता येत असे.

गांधीजींनी यंत्रांवर टीका करताना सिंगरच्या शिलाई यंत्राला अपवाद केला होता. ते यंत्र गल्लीतला कारागीर उघडू शकत होता, हे आज अधिक लक्षात येते.

ट्रॅक्टरचा प्रश्न येथेच येऊन भिडतो. पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना २०२३ च्या जानेवारीपासून प्रदूषणाची नवी मानके लागू झाली, आणि त्यासाठी इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले. मानके योग्यच आहेत. पण जेथे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण येते, तेथे कुलूप लावण्याची सोयही येते. अमेरिकेत जॉन डिअर कंपनीच्या ट्रॅक्टरांची पूर्ण दुरुस्ती करणारे सॉफ्टवेअर फक्त अधिकृत विक्रेत्यांना मिळते, या आरोपावरून तेथील व्यापार आयोगाने २०२५ च्या जानेवारीत कंपनीवर दावा लावला. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्येच शेतकऱ्याच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. युक्रेनमधून रशियन सैनिकांनी २०२२ मध्ये लुटून नेलेली याच कंपनीची यंत्रे दुरूनच बंद पाडण्यात आली, तेव्हा सर्वांना आनंद झाला. कर्जाचा हप्ता थकलेल्या शेतकऱ्याचे यंत्र पेरणीच्या दिवशी तसेच बंद पाडता येईल, हे थोड्यांनाच सुचले. या कंपनीचा कारखाना शिरूर तालुक्यात, सणसवाडीला आहे.

यावर कंपन्यांचे उत्तर सुरक्षिततेचे असते. बॅटरीत तीनशे व्होल्टहून अधिक दाब असतो, अडाणी हात लागला तर माणूस मरेल, कुलूप उघडले तर चोरटे शिरतील. पहिला मुद्दा खरा आहे. पण विजेच्या तारांवर काम करणाऱ्या वायरमनला आपण परवाना देतो. म्हणून घरातली वीज कोणी एका कंपनीच्या हवाली केली नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मिस्त्रींना शिकवावे, परीक्षा घ्यावी, परवाना द्यावा. दुसऱ्या मुद्द्याबाबत इतकेच, की चोरापासून रक्षण करणारे कुलूप घरमालकालाच बाहेर ठेवत असेल तर ते चोरासाठी लावलेले नाही. आणि कंपनीच बुडाली तर? फिस्कर ही अमेरिकन कंपनी २०२४ च्या जूनमध्ये दिवाळखोरीत गेली. महागड्या गाड्यांचे मालक सॉफ्टवेअरसाठी अनाथ झाले, आणि अखेर त्यांनी स्वतःची संघटना काढून गाड्या चालू ठेवण्याचा उद्योग आरंभला. बाजारपेठेचे गोडवे गाणाऱ्यांवर सहकाराची वेळ आली.

सरकारला येथे हस्तक्षेपाचा पूर्ण अधिकार आहे, कारण या गाड्यांत जनतेचा पैसा आहे. त्यांवर वस्तू व सेवा कर २०१९ च्या ऑगस्टपासून ५ टक्के आहे. महाराष्ट्राने २०२५ च्या धोरणात काही महामार्गांवर त्यांचा टोल माफ केला. तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव त्याच वर्षी अर्थसंकल्पात आला आणि महिनाभरात मागे घेतला गेला. एवढी सवलत देणाऱ्याने अटी घालाव्यात. अपडेटने काय बदलणार ते आधी मराठीत लेखी कळवावे, आणि ब्रेक, वेग वा पल्ला यांवर परिणाम करणारा बदल नाकारण्याची व मागे फिरवण्याची सोय वॉरंटी न घालवता मिळावी. सुरक्षिततेशी संबंधित प्रत्येक बदल सरकारी यंत्रणेने तपासून नोंदवावा. अपघाताची नोंद मालकाला व पोलिसांना कंपनीच्या मध्यस्थीविना मिळावी. तपासणीचे सॉफ्टवेअर परवानाधारक मिस्त्रीला माफक दरात मिळावे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर एक संकेतस्थळ उघडले. मोटारी आणि शेतीची अवजारे दोन्ही त्यात आहेत. संकेतस्थळावर कंपन्यांचे पत्ते व माहितीपुस्तके मिळतात. सक्ती करणारा कायदा मिळत नाही. दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी येत्या गाळप हंगामाच्या आत प्रत्येक गॅरेजमध्ये जाऊन कोणते काम परत पाठवावे लागले, त्याला पुण्यात किती खर्च आला, आणि कोणत्या ट्रॅक्टरचा कोणता बिघाड गावात निघाला नाही, हे मिस्त्रीच्या सहीनिशी लिहून घ्यावे, आणि तो गठ्ठा घेऊन मंत्रालयात जावे.