विश्लेषण : रब्बीत रोहित्रे का जळतात?

रब्बीचे सिंचन सुरू झाले की रोहित्रे, म्हणजेच शेतकऱ्यांच्या भाषेत डीपी, जळण्याच्या तक्रारी वाढतात.

रोहित्र काम कसे करते?

११ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह पहिल्या वेटोळ्यात सेकंदाला ५० आवर्तने घेतो. त्यामुळे लोखंडी गाभ्यातील चुंबकीय क्षेत्र सतत बदलते आणि कमी वेढ्यांच्या दुसऱ्या वेटोळ्यात सुमारे ४३३ व्होल्ट दाब निर्माण होतो. स्थिर एकदिश प्रवाहाने हे घडत नाही.

मग जळते कशामुळे?

क्षमतेपेक्षा जास्त पंप चालले की वेटोळ्यांतील प्रवाह वाढतो. प्रवाह दुप्पट झाला, तर तारांतील उष्णता चौपट होते. तेलाला ती बाहेर टाकता आली नाही, की तारांवरील इन्सुलेशन जळते.

उपाय काय?

केवळ रोहित्र बदलून भागत नाही. भार विभागला नाही, तर नवेही जळते आणि ऐन भरात पीक पाण्याविना राहते.